बारा मिनिटांचे उड्डाण

आज मी तुम्हांला एका विमानाची गोष्ट सांगणार आहे. इतिहासाच्या मास्तराने विमानाच्या गोष्टीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. आम्ही वर्गात लढाया, तह आणि राज्यारोहणे शिकवतो. पण माणसाने कोणती साधने बनवली, त्या साधनांवर किती विश्वास टाकला, आणि तो विश्वास कुठे फसला, हाही इतिहासच आहे. किंबहुना आपल्या रोजच्या जगण्याला हा इतिहास अधिक जवळचा आहे. म्हणून आज तलवारी राहू द्या. आज एका बोटभर नळीकडे पाहू.

ही गोष्ट अमेरिकेतली. १ डिसेंबर १९७४, रविवार. न्यूयॉर्क शहराच्या केनेडी विमानतळावर संध्याकाळी वाईट हवा होती. थंडी, वारा आणि खाली उतरलेले ढग. त्या वेळच्या नॉर्थवेस्ट ओरिएंट या कंपनीचे बोइंग ७२७ जातीचे विमान तिथून बफेलो या गावी निघायचे होते. विमानात प्रवासी एकही नव्हता. बफेलोला बाल्टिमोर कोल्ट्स नावाचा फुटबॉलचा संघ थांबला होता, त्याला घेऊन यायचे एवढेच काम. विमानात माणसे तीनच : कप्तान, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनियर. रिकामी गाडी घेऊन शेजारच्या गावी जाण्यासारखाच तो प्रकार होता.

संध्याकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी विमान उडाले. ७ वाजून २६ मिनिटांनी ते डोंगरातल्या रानात कोसळले. बारा मिनिटे, एवढाच काय तो अवधी. तिघेही गेले. आणि नवल असे की, विमान जमिनीवर आदळेपर्यंत त्याची तिन्ही इंजिने काम देण्याजोगी होती, पंख शाबूत होते, इंधन भरपूर होते. मग झाले काय?

झाले ते समजण्यासाठी आपल्याला त्या संध्याकाळपासून सुमारे अडीचशे वर्षे मागे जावे लागेल. फ्रान्समध्ये आंरी पिटो नावाचा एक इंजिनियर होऊन गेला. १७३२ साली त्याला सेन नदीच्या पाण्याचा वेग मोजायचा होता. वरून काडी सोडून पृष्ठभागावरचा वेग कळतो, पण आत खोलवर पाणी किती वेगाने वाहते ते कसे कळावे? त्याने एक काचेची नळी घेतली, तिचे एक टोक काटकोनात वाकवले, आणि ते तोंड प्रवाहाच्या समोर धरून नळी पाण्यात बुडवली. वाहते पाणी नळीच्या तोंडाशी आपटले आणि नळीत वर चढले. जितका वेग जास्त, तितके पाणी उंच.

हा प्रयोग तुम्हांला शेताच्या पाटावरही करता येईल. पारदर्शक नळी घ्या, वाकवा, तोंड प्रवाहाकडे करून धरा. पाणी सेकंदाला एक मीटर या वेगाने वाहत असेल, तर नळीतले पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर वर चढेल. वेग दुप्पट झाला तर चढ दुप्पट नव्हे, चौपट होतो, म्हणजे वीस सेंटिमीटर. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग मुलांकडून जरूर करवून घ्यावा. पुस्तकातल्या दोन पानांपेक्षा तो अधिक शिकवील.

पुढे हीच नळी विमानाला आली. पाण्याच्या जागी हवा. विमानाच्या नाकाशी समोर तोंड केलेल्या लहान नळ्या बसवलेल्या असतात. विमान पुढे धावते, हवा नळीच्या तोंडावर आदळते, आत दाब वाढतो. पण या दाबात दोन भाग मिसळलेले असतात. एक आदळण्यामुळे येणारा, आणि दुसरा भोवतालच्या हवेचा स्वतःचा. हा दुसरा दाब विमानाच्या बाजूला असलेल्या वेगळ्या छिद्रांतून मोजतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतो तो वेगाचा दाब. त्यावर वेगमापकाचा काटा फिरतो.

भोवतालच्या हवेच्या दाबाचे आणखी एक काम आहे. उंच जावे तसा तो कमी होतो. १६४८ साली पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याचा मेव्हणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम नावाचा डोंगर चढला. वर गेल्यावर नळीतला पारा खाली आलेला त्याने पाहिला. डोंगराची उंची हवेच्या दाबाने सांगता येते हे त्या दिवशी सिद्ध झाले. विमानातला उंचीमापक हा त्या पाऱ्याच्या नळीचाच वंशज.

म्हणजे आता लक्षात घ्या : उंचीचा काटा एकाच दाबावर चालतो, आणि वेगाचा काटा दोन दाबांच्या वजाबाकीवर. वजाबाकीतला वरचा आकडाच चुकला, तर उत्तर कसे बरोबर येणार?

आता थंडीकडे वळू. आपण जसजसे वर जातो तसतसा गारवा वाढतो. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश असा हिशेब आहे. उंचावरच्या ढगांतले पाण्याचे थेंब शून्य अंशाखाली गेले तरी पुष्कळदा पाणीच राहतात. पण विमानाचा एखादा थंड भाग त्यांना लागला की ते तिथल्या तिथे गोठतात. नळीचे तोंड एवढेसे. ते बर्फाने बुजायला वेळ लागत नाही. म्हणून त्या नळ्यांच्या आत विजेची तार घालून त्या तापवण्याची सोय केलेली असते. वैमानिकाने उड्डाणापूर्वी ते बटण दाबायचे असते. विमान उडवण्याच्या शेकडो कामांतले हे एक साधे काम.

त्या संध्याकाळी हे बटण दाबलेच गेले नाही. नळ्या थंडच राहिल्या.

उड्डाणापूर्वी करायच्या कामांची यादी मोठ्याने वाचण्याची शिस्त विमानात असते. एकाने नाव घ्यायचे, दुसऱ्याने काम झाल्याचे सांगायचे. त्या दिवशीही यादी वाचली गेली. नळ्या तापवण्याची बाब आली, तिला उत्तरही दिले गेले. विमानातल्या ध्वनिमुद्रकावर हे सगळे उमटलेले होते. पण अवशेषांत जी बटणे सापडली ती बंद होती. आमच्या शिक्षकी पेशात याला चांगला दाखला आहे. हजेरी घेताना ‘हजर’ असा आवाज येतो, आपण खूण करतो, आणि नंतर मान वर करून पाहावे तर त्या बाकावर मुलगाच नाही! उत्तर आले, माणूस आला नाही. यादी वाचणे आणि काम करणे यांत असे अंतर पडू शकते, आणि नवख्यापेक्षा रोज तेच करणाऱ्याच्या हातून ते जास्त पडते.

पहिली काही मिनिटे सगळे ठीक चालले. विमान मिनिटाला अडीच हजार फूट या बेताने चढत होते. सुमारे सोळा हजार फुटांवर नळ्यांची तोंडे बर्फाने बुजली. नळीतले पाणी निघून जायला खाली एक बारीक छिद्र असते, तेही बुजले. आत जी हवा होती ती तिथेच कोंडली. म्हणजे नळीतला दाब जिथल्या तिथे राहिला. विमान मात्र चढतच होते, आणि बाहेरच्या हवेचा दाब कमी कमी होत होता. वजाबाकी आठवा. वरचा आकडा कायम, खालचा आकडा घटतोय. उत्तर वाढतच जाणार. वेग वाढलेला नसतानाही वेगाचा काटा पुढे पुढे सरकू लागला. खरे म्हणजे तो काटा आता वेग सांगतच नव्हता. तो चढलेली उंची सांगत होता, पण तबकडीवर नाव लिहिलेले होते वेगाचे.

इथे माणसाच्या मनाचा खेळ सुरू होतो. सहवैमानिक विमान चालवीत होता. त्याने काटा पाहिला : ३४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६३० किलोमीटर. आणि त्याच वेळी विमान मिनिटाला पाच हजार फूट चढत होते. त्याला नवल वाटले आणि त्याने ते बोलूनही दाखवले. एकाच वेळी इतका वेग आणि इतका चढ? ही शंका अगदी बरोबर होती. बैलगाडी हाकणाऱ्याला विचारा, घाट चढताना गाडी आपोआप पळू लागते का? चढ वाढला की वेग घटायचा, हा नियम गाडीला आहे तसा विमानालाही आहे.

पण शंकेला उत्तर तयार होते. विमान रिकामे आहे, हलके आहे, म्हणून असे पळते आहे! तिघांचे या उत्तराने समाधान झाले. श्रोतेहो, मला या सगळ्या गोष्टीत हा क्षण सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शंका आली होती. दार ठोठावले गेले होते. पण दार उघडून पाहण्याऐवजी आतूनच कोणीतरी म्हणाले, वारा असेल. सोयीचे उत्तर हाताशी असले की माणूस खरे उत्तर शोधायला जात नाही.

वेग जास्त झाला असे वाटले म्हणून विमानाचे नाक आणखी वर केले गेले. नाक वर केले की वेग कमी होतो, हा सरळ उपाय. खरा वेग कमी होऊही लागला. पण विमान आणखी चढले, बाहेरचा दाब आणखी घटला, आणि काटा आणखी पुढे गेला. चढ आता मिनिटाला साडेसहा हजार फुटांवर पोहोचला. म्हणजे जितका उपाय करावा तितका रोग वाढल्यासारखा दिसावा, अशी ही फसगत. तेवीस हजार फुटांवर अतिवेगाचा इशारा देणारा भोंगा वाजला. काटा ४०५ नॉट दाखवीत होता. चौकशी करणाऱ्यांनी मागाहून हिशेब मांडला, तेव्हा दिसले की त्यानंतर काही सेकंदांनी विमानाचा खरा वेग सुमारे १६५ नॉट एवढाच उरला होता आणि नाक तीस अंश वर होते.

मग वैमानिकाच्या हातातला दांडा थरथरू लागला. ही थरथर मुद्दाम केलेली असते. पंखाला हवा कोणत्या कोनातून लागते ते पाहणारे एक वेगळे साधन असते. कोन फार वाढला, की हवा पंखावरून नीट वाहत नाही आणि पंखाची उचल एकाएकी सुटते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. पतंगाची कणी चुकीची बांधली आणि तो वाऱ्याला फार उभा राहिला, तर उंच जाण्याऐवजी तो कसा गटांगळ्या खात खाली येतो, ते आठवा. तसेच हे. दांड्याची थरथर सांगत होती, “नाक खाली करा, वेग फार कमी झाला आहे.”

पण विमान दोन कारणांनी थरथरते. वेग फार कमी झाला तरी, आणि तो ध्वनीच्या वेगाच्या जवळ गेला तरीही. लक्षण एक, रोग दोन, आणि औषधे एकमेकांच्या अगदी उलट. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पाणी कमी पडले तरी पीक पिवळे पडते, आणि मुळाशी पाणी साचून राहिले तरी पिवळेच पडते. दबलेल्या मुळांना तहान लागली असे समजून आणखी पाणी सोडले, तर पीक हातचे गेलेच. त्या तिघांच्या मनात अतिवेग पक्का बसला होता. भोंगाही तेच सांगत होता. तेव्हा ही थरथरही अतिवेगाचीच असणार असे त्यांनी ठरवले, आणि नाक खाली करायचे तिथे आणखी वर ओढले.

२४,८०० फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईसारखी साडेचार शिखरे एकावर एक ठेवावीत इतक्या उंचीवर, विमानाची उचल सुटली. ते फिरत फिरत खाली येऊ लागले. तिथून जमिनीपर्यंत यायला त्याला ८३ सेकंद लागले. वर्गात एका मुलाने एक लहानशी कविता म्हणावी एवढाच हा वेळ. संकटाची हाक रेडिओवर दिली गेली. पण नेमके काय चुकते आहे हे शेवटपर्यंत उमगले नाही. न्यूयॉर्कच्या उत्तरेला स्टोनी पॉइंट आणि थील्स या गावांजवळच्या रानात सगळे संपले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताची चौकशी केली. त्यांनी निष्कर्ष काढला तो असा : नळ्या तापवल्या नव्हत्या, त्या बर्फाने बुजल्या, काट्यांनी खोटा वेग दाखवला, आणि वैमानिकांनी त्या खोट्या वेगावर विसंबून विमान स्टॉलमध्ये नेले व त्यातून ते सावरू शकले नाहीत. वाक्ये साधी आहेत. पण त्यांच्या पोटात न्यायशास्त्राचा एक धडा आहे.

कोर्टात एखाद्या गोष्टीला तीन साक्षीदार मिळाले की खटला भक्कम झाला असे आपण म्हणतो. इथे कप्तानाचा वेगमापक, सहवैमानिकाचा वेगमापक आणि अतिवेगाचा भोंगा असे तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. पण या सर्वांनी आपली माहिती थंड नळ्यांकडूनच घेतलेली होती. सगळ्या नळ्या एकाच ढगातून गेल्या आणि एकाच बर्फाने बुजल्या. तीन माणसांनी एकाच माणसाकडून ऐकलेली वावडी सांगितली, तर ती एकच साक्ष धरायची, तीन नव्हेत.

उलट, खरे बोलणारे साक्षीदारही तिथे हजर होते. समोर कृत्रिम क्षितिज नावाचे उपकरण होते. नाक किती वर आहे ते ते दाखवीत होते, आणि त्याचा नळीशी काही संबंध नव्हता. उंचीमापक होता, चढाचा वेग सांगणारा काटा होता. दोघेही खरेच सांगत होते. दांड्याची थरथर होती. चार खरे, पण बोलायला हळू. तीन खोटे, पण मोठ्या आवाजाचे. गावच्या सभेतही कधी कधी असेच होते, नाही का?

आता यादीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तिचा जन्मही अशाच अपघातातून झाला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटन गावाजवळ राइट फील्ड येथे बोइंगच्या चार इंजिनांच्या एका नव्या विमानाची चाचणी होती. विमान उडाले, नाक उंच करून चढत गेले, स्टॉल झाले आणि कोसळले. दोघांचा त्यात अंत झाला. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून अडसर घालतात, तो काढायचाच राहिला होता. विमान वाईट नव्हते, चालवणारेही निष्णात होते. पण कामे इतकी वाढली होती की ती सगळी आठवणीवर ठेवणे माणसाच्या आवाक्याबाहेर गेले होते. तेव्हापासून कामांची यादी कागदावर लिहून वाचण्याची रीत पडली. ती पुढे जगभर गेली. आज इस्पितळांत शस्त्रक्रियेपूर्वीही अशीच यादी वाचतात. पण १९७४ चा अपघात सांगतो की यादी ही कुबडी आहे, पाय नव्हे. डोळ्यांनी बटण पाहिले पाहिजे, बोटाने त्याला शिवले पाहिजे.

आणखी एक योगायोग सांगतो. त्याच १ डिसेंबरला सकाळी ट्रान्स वर्ल्ड कंपनीचे असेच एक बोइंग ७२७ विमान वॉशिंग्टनजवळ उतरण्याच्या बेतात असताना डोंगरावर आदळले होते. किती उंचीपर्यंत खाली यायचे याबद्दल वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक यांच्या समजुतीत फरक पडला. त्यात ९२ माणसे गेली. साहजिकच तिघांच्या मृत्यूची बातमी त्या मोठ्या बातमीच्या सावलीत गेली. पण चौकशी करणाऱ्यांनी माणसे मोजून काम कमी-जास्त केले नाही. पुढे १९७८ साली अमेरिकेत नियम झाला की मोठ्या विमानांत नळ्या तापवण्याची सोय बंद असेल, तर वैमानिकासमोर दिवा लागला पाहिजे. तीन माणसांच्या मरणाने जगाला हा एक दिवा दिला.

मग प्रश्न सुटला काय? इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मला पुढची पाने उलटावी लागतात.

त्याच १९७८ सालच्या पहिल्याच दिवशी आपल्या मुंबईला एक दारुण अपघात झाला. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ जातीचे विमान रात्री दुबईकडे निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात कोसळले. २१३ माणसे त्यात होती, एकही वाचले नाही. तिथे बर्फ नव्हता आणि नळीही नव्हती. समुद्रावर अंधार, खरे क्षितिज दिसत नाही. आणि कप्तानासमोरच्या कृत्रिम क्षितिजाने चुकीचा कल दाखवला. विमान एका बाजूला कलले आहे असे समजून त्याने ते दुसऱ्या बाजूला कलवले, आणि ते कलतच गेले. त्या उपकरणावर जाऊ नका, असे फ्लाइट इंजिनियरने सांगितल्याचे ध्वनिमुद्रणात आहे. पण ते शब्द कानावर पडून त्यांचा उपयोग होण्याइतका वेळ उरला नव्हता. न्यूयॉर्कच्या विमानाला जे उपकरण खरे सांगत होते, तेच मुंबईच्या विमानात खोटे बोलले. म्हणजे अमुक साधन खरे आणि अमुक खोटे, असा कायमचा शिक्का मारता येत नाही. एकाला दुसऱ्याशी ताडूनच पाहावे लागते.

२००९ च्या जूनमध्ये एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरावर होते. त्याच्या नळ्या तापवलेल्या होत्या, तरीही उंचावरच्या हिमकणांनी त्या काही काळ बुजल्या. वेग दिसेनासा झाला, वैमानिकाने नाक वर ओढून धरले, विमान स्टॉल झाले आणि २२८ माणसे सागरात गेली. आणि ११ फेब्रुवारी २०१८ रोजी, ऐन हिवाळ्यात, मॉस्कोहून ओर्स्क गावी निघालेले सारातोव कंपनीचे विमान उड्डाणानंतर सुमारे सहा मिनिटांत बर्फाळ शेतात पडले. ७१ माणसे गेली. चौकशीत आढळले काय? नळ्या तापवण्याचे बटण दाबलेले नव्हते! या खेपेस काटा उलट्या दिशेने खोटे बोलला. वेग नाहीसा झाल्यासारखा दाखवला, आणि वैमानिकांनी विमानाचे नाक खाली दाबले. बटण बंद असल्याचे सांगणारी यंत्रणा त्या विमानात होती. सूचना होती, सूचनेकडे पाहणारा डोळा नव्हता.

१९७४ ते २०१८ म्हणजे चव्वेचाळीस वर्षे. पहिल्या अपघाताचा अहवाल छापलेला, नियम केलेले, दिवे बसवलेले, शाळांतून वैमानिकांना धडे दिलेले. आणि तरी तेच बटण, तीच नळी, तोच हिवाळा. इतिहासाची पुनरावृत्ती होते असे आपण सहज म्हणून जातो. ती दैवाने होत नाही. एका पिढीने किंमत देऊन मिळवलेले शहाणपण दुसऱ्या पिढीला आयते मिळत नाही, म्हणून ती होते. जमीन वारशाने मिळते. ती कसायची कशी हे प्रत्येकाला नव्याने शिकावे लागते.

या तिघा वैमानिकांना दोष देऊन मोकळे व्हावे असे मला वाटत नाही. ते आळशी नव्हते, मूर्ख तर नव्हतेच. त्यांना शंका आली होती हे विसरू नका. चूक झाली ती शंकेला पहिले मिळेल ते उत्तर देऊन गप्प बसवण्यात. असे आपण सगळेच करतो. पोर अंगाने खंगते, आपण म्हणतो उन्हाळ्याचे दिवस आहेत. विहिरीचे पाणी वेगळे लागते, आपण म्हणतो नवा गाळ असेल. पुष्कळदा ते खरेही असते. पण ते खरे आहे की नाही, हे ताडून पाहायचे काम आपण टाळतो.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. मुलांना पाटावर न्या, नळी धरायला लावा, पाणी चढलेले दाखवा. मग नळीच्या तोंडावर अंगठा ठेवा. नळीत चढलेले पाणी तिथेच राहील. आता पाटाचे दार थोडे लावून पाणी मंद करा. प्रवाह संथ होईल, पण नळीतले पाणी मघाच्याच उंचीवर उभे असेल. मुलांना विचारा, ही नळी आता काय सांगते आहे? ती खरे सांगते की खोटे? आणि खोटे सांगत असेल, तर ते आपल्याला कशावरून कळले?

एखादे पोर म्हणेल, पाण्यावर पान सोडून पाहिले म्हणून कळले. दुसरे म्हणेल, तोंडावरचा अंगठा दिसतो आहे की! ज्या मुलाला दुसरा साक्षीदार शोधायची अशी सवय लागली, ते पुढे विमान चालवो, नांगर चालवो की ग्रामपंचायत चालवो, त्याच्या हाती सोपवलेली माणसे थोडी अधिक सुखरूप राहतील.